एकशे चौदा खोके

नाही हो, तो आडवा नको, उभाच न्या — एकसष्ट आहे ना, मग उभाच. वर बाण काढलाय बघा. तुमच्या माणसांना सांगा, बाण म्हणजे नक्षी नव्हे. आणि तुम्ही बसा की मुकादम, लिफ्टमध्ये एका वेळी चारच खोके मावतात, ती खाली जाऊन चौथ्या मजल्यावर परत येईपर्यंत उभं राहून काय करणार — बसा त्या बत्तीसवर, आत रजया आहेत, काही होत नाही. चहा देऊ शकत नाही, माफ करा. गॅस बंद केलाय, आणि गाळणं कुठे आहे ते मी तुम्हाला सांगणार नाही. नाही, गंमत नाही करत. खरंच सांगणार नाही.

हो, सगळं मीच भरलं. एकटीने. एकशे चौदा खोके, तीन आठवडे. भाऊ आणि भावजय कालच नव्या घरी गेली, दोन सुटकेसा घेऊन, पाहुण्यासारखी. मागचं आवरायला मी. मला सवय आहे म्हणा, एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलं मी, नट मागितला की नट, वॉशर मागितला की वॉशर, डोळे मिटून. साहेब म्हणायचे, बाई रजेवर गेल्या की कारखाना रजेवर जातो. घरात मात्र मला यादीताई म्हणतात — लाडाने नव्हे हं, चिडवायला, मी फ्रीजवर यादी लावते म्हणून. आणि हे घर सोडायचं ठरलं तेव्हा तीच भावजय गोड बोलत आली, ताई, हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार. ती गोड बोलली की मी एरवी सावध होते. त्या दिवशी नाही झाले. खरं सांगायचं तर बरं वाटलं मला. कौतुकाची भूक साठीतही जात नाही हो माणसाची.

काय म्हणालात? नुसते आकडे का? बरोबर विचारलंत. बाकीचे लोक लिहितात ना, स्वयंपाकघर, पुस्तकं, देवाचं, नाजूक. मी भावजयीला सांगितलं, नावं लिहायची नाहीत, नाव वाचून चोराला वाट सापडते — तुम्हाला नाही म्हणत, तुम्ही मनाला लावून घेऊ नका — खोक्यावर फक्त आकडा आणि आकड्याचा अर्थ वहीत. आमच्या स्टोअरची पद्धत. तिला एकदम पटलं. बाई गं, किती डोकं आहे ताईंना. आहेच. वही एकच आहे, मुकादम. ही इथे, माझ्या पिशवीत. हिची दुसरी प्रत नाही, फोटो नाही, काही नाही.

आता तुम्ही परके आहात, उद्या तुम्ही कुठे आणि मी कुठे, म्हणून सांगते. पहिला आठवडा मी अगदी सरळ भरलं होतं. भांड्यांबरोबर भांडी, कपड्यांबरोबर कपडे, जीव ओतून. मग एके दिवशी भावजयीने मला नव्या घराचा नकाशा आणून दिला, सुताराने काढलेला, चौकटीच्या कागदावर. म्हणाली, कुठला खोका कुठल्या खोलीत जायचा ते यावर लिहून ठेवा. मी चष्मा लावून बसले. चार खोल्या. एक त्यांची. एक बैठकीची. एक पाहुण्यांची, आणि चौथी — ओळखा. नाही, देवघर नाही. अभ्यासिका तर नाहीच, त्या घरात वाचतो कोण. व्यायामाची. भावजयीकडे एक सायकल आहे, ती कुठे जात नाही, जागच्या जागी फिरते, म्हणजे फिरायला हवी, तिच्यावर दोन वर्षं टॉवेल वाळतायत — तिला खोली. खिडकीसकट. मी माझा पलंग शोधला त्या नकाशात. आधी पाहुण्यांच्या खोलीत शोधला, तिथे मोठा दुहेरी पलंग काढलेला, तो माझा नव्हे. मग बैठकीच्या कोपऱ्यात. मग गॅलरीतसुद्धा शोधला, आता तुमच्यापासून काय लपवू.

विचारलं का? नाही विचारलं. विचारून काय झालं असतं, तुम्हीच सांगा — भाऊ म्हणाला असता, अगं ताई, तसं नाही, आणि तसंच असतं. आधीच म्हणून झालं होतं त्याचं, घर लागलं की तुला न्यायला येतो, तोवर चार दिवस मावसबहिणीकडे राहा. मी पिशवी भरली चार दिवसांची. चारच साड्या. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात ते काय उगीच म्हणतात? आमच्या आईला नऊ वर्षं अंथरुणात मी सांभाळलं, नोकरी करून, सकाळची पाळी संपली की घरी, तिची आंघोळ, तिची औषधं, तिचं सगळं. भाऊ दारातून विचारायचा, झोपली का गं आई? आणि दार लोटून घ्यायचा, वास येतो म्हणून. शेवटच्या दिवशी मात्र आत आला, हात धरला तिचा, म्हणाला, ताईची काळजी करू नकोस. त्यावर आईने डोळे मिटले. शब्द दिला त्याने, आणि तो शब्द घेऊन ती गेली. मग त्या नकाशात मी कुठे आहे?

लिफ्ट आली वाटतं. पाठवा तो तेवीस, आणि अठ्ठ्याऐंशी त्याच्यासोबत नको, वेगवेगळ्या खेपेत. नाही, फुटायचं काही नाही त्यात. मी भरलेली एक बशीसुद्धा फुटणार नाही. मी स्टोअरची बाई आहे, वस्तूचं नुकसान माझ्या हातून होत नाही. नुकसान करणं वेगळं आणि जागा बदलणं वेगळं. त्या रात्रीपासून — नाही, रात्री कसली, दुसऱ्या दिवशी सकाळी, ती दोघं कामावर गेल्यावर — मी भरलेले सगळे खोके परत उघडले. आणि नियम केला. ज्या दोन वस्तू एकमेकींशिवाय चालत नाहीत, त्यांच्यात निदान पंचवीस आकड्यांचं अंतर. कुकर तेवीसमध्ये, झाकण एकसष्टमध्ये, शिट्टी अठ्ठ्याऐंशीत. कुकरची रिंग कुठे आहे ते आठवून मला आत्तासुद्धा हसू येतं, भावाच्या परीक्षेच्या प्रमाणपत्रांमध्ये आहे. त्याचे डावे बूट एका खोक्यात, उजवे दुसऱ्या. सगळे कागदात गुंडाळून, पॉलिश करून, हं. पलंगाचे स्क्रू पिशवीत घालून पिशवीवर चिठ्ठी लावलीय, कुठल्या पलंगाचे, किती, आणि ती पिशवी लोकरीच्या कपड्यांत, थंडी पडेल तेव्हा सापडेल. तोवर झोपा म्हणावं जमिनीवर, पाठीला चांगलं असतं. पडदे आहेत, कड्या नाहीत. भावजयीचा तो काचेचा चहाचा सेट, सहा कप सहा खोक्यांत, बशा भलतीकडेच. आणि सायकल. सायकलचे पायडल मी स्वतः काढले, पाना माझ्या हाताला बसलेला आहे. एक पायडल एकोणपन्नासमध्ये आहे. दुसरं कुठे आहे ते मी मरेपर्यंत बोलणार नाही.

तुम्ही नका मान हलवू मुकादम, तुमच्या मालाला काही धक्का नाही, तुम्ही एकशे चौदा उचललेत, एकशे चौदा उतरवाल, तुमचं नाव चोख. मजा पुढे आहे. पहिली सकाळ. भावाला उठल्या उठल्या चहा लागतो, नाही मिळाला तर त्याचं डोकं दुखतं, लहानपणापासून. पातेलं मिळेल, मी मुद्दाम एक नंबरला ठेवलंय, आशा लागायला हवी ना. मग गाळणं. मग साखर. दहा खोके फोडतील, वीस फोडतील, भावजय त्याला म्हणेल तुमच्या बहिणीने काय करून ठेवलंय, तो म्हणेल तूच दिलंस तिला काम, जुंपेल दोघांची — आणि मग फोन येईल. मला. सात वेळा वाजू देईन मी. सात मोजेन आणि मग उचलेन, आणि अशी बोलेन, अगदी मऊ, हो रे, थांब हं, वहीत बघते. एका फोनला एकच वस्तू. गाळणं सांगेन, साखर नाही. साखरेसाठी परत फोन कर. दुपारी झाकण. संध्याकाळी बूट, तेही एकाच पायाचे. मावसबहिणीला सांगून ठेवलंय, फोन माझ्या हाताशी ठेव, आंघोळीला गेले तरी हाक मार. आठ दिवस चालेल असं, दहा दिवस चालेल, माझी तयारी महिनाभराची आहे. आणि एक दिवस तीच येईल फोनवर, भावजय, नाकाने कांदे सोलणारी, आणि म्हणेल, ताई, आता तुम्हीच या बाई.

मग? मग काय. मग जाईन की. म्हणजे — नाही, लगेच नाही जाणार. असं बघू नका. मी कुठे म्हटलं मला जायचंय म्हणून, मला काय कमी आहे मावसबहिणीकडे, गॅलरीला लागून चांगली जागा देतेय ती मला, नातवंडं झोपतात तिथेच. एवढंच की तिने म्हटलं पाहिजे. एकदा तिच्या तोंडातून यायला पाहिजे, तुम्हीच या. मग मी म्हणेन विचार करते. पायडल लावून देईन तिला एक दिवस. तुमच्याशिवाय जमत नाही हे तिने ऐकवलंय मला फसवायला, ते तिला खरं म्हणून बोलावं लागेल. हा सूड आहे माझा, समजलं? उगीच दया नको दाखवायला.

सही? करते ना, द्या. फक्त तुम्ही वाचून दाखवा, माझा चष्मा नाहीये. कुठे म्हणजे, गेला. काल शेवटचे नऊ-दहा खोके बंद करत होते, कपाळावरून काढून कुठेतरी टेकवला, त्यातल्या एकात गेला तोही. वहीत नोंद नाही त्याची. एकतीस वर्षांत पहिली वस्तू माझ्या हातून नोंदीशिवाय आत गेली, आणि नोंद असती तरी वही वाचणार कशाने. हसा, हसा, मीही हसले सकाळी. वाचा तुम्ही. हं, खोके एकशे चौदा, बरोबर. पलंग दोन, कपाटं तीन, बरोबर. पोहोचवण्याची जागा —

काय?

परत वाचा. नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाचा कागद काढलात. नवीन घर नदीच्या पलीकडे आहे, गोदाम कुठलं, गोदामाशी आमचा काय संबंध. नाव बघा. भावाचंच नाव. बरं. मग थोडं सामान असेल गोदामात जायचं, जुनं-पुराणं, बाकीचं घरी — सगळं? एकशे चौदाच्या एकशे चौदा? कपाटं? पलंगही? म्हणजे सायकलसुद्धा? मुदत किती म्हणालात, एक वर्ष. आणि तिथे घरी काय आहे मग, कशावर झोपली ती काल? नवीन. सगळं नवीन. तुमच्याच दुसऱ्या ट्रकने काल पोहोचवलं. तुम्ही स्वतः लावून आलात. भांडी पण? चहाचं पण. मग चहा प्याले असतील सकाळी. प्याले असतील ना. तुम्हाला दिला? छान झाला होता.

तारीख बघा वर, बुकिंग कधीचं आहे. तीन तारीख. मी पहिल्या खोक्याला चिकटपट्टी लावली ती नऊ तारखेला, मुकादम. तीनला ठरलं होतं सगळं. म्हणजे हे — हे जे मी तीन आठवडे, भरलं, उघडलं, परत भरलं, पॉलिश केलं — हे कुणी उघडणारच नव्हतं. मला कामाला लावलं नुसतं. म्हातारी कामात असली की प्रश्न विचारत नाही. नकाशासुद्धा तेवढ्यासाठीच दिला असेल, वेळ जायला, आणि त्यात मी कुठे आहे हे मला दिसेल याचा विचारही आला नसेल तिच्या मनात. ते जास्त लागलं बघा. मुद्दाम दाखवला असता तर बरं होतं.

नाही, पाणी नको. चष्माही नको शोधायला, कुठले कुठले उघडत बसाल, चिकटपट्टी चांगली लागलीय. तुम्ही थांबू नका माझ्यासाठी. कुठे करायची सही, इथे? बोट ठेवा. हं. झाली. वही गोदामात लागते म्हणता? घ्या. न्या. एक सांगू का, मी इतकं सगळं केलं ते त्यांना छळायलाच केलं, खोटं नाही बोलत, त्यांनी रडावं असंच वाटत होतं मला. पण मला वाटलं होतं, निदान शिव्या द्यायला तरी फोन करतील.

जा आता. लिफ्ट अडवून ठेवलीय तुमच्या माणसांनी, वरच्या मजल्यावरचे ओरडतील.