वेणूताईंनी शब्दकोशाचं पारायण केलं

मंडळी, मागच्यांनी पुढं सरका, जागा आहे. आधी एक प्रश्न घ्या. पोथी वाचून संपली, समाप्ती झाली, प्रसाद वाटला. आता सांगा, त्या पोथीतलं काय तुमच्याकडं राहिलं? लगेच मान हलवू नका. मान हलवायची आपल्याला फार सवय! गोष्ट ऐका, मग हलवा.

कोयनेच्या काठी एक गाव. खिशात मोबाइल येण्याआधीचा काळ. तिथं वेणूताई गुरसाळे ब्लाउज शिवायची. शिक्षण सातवी. एका लग्नात पुण्याच्या पाहुण्यानं तिच्याकडं बघत इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि पंगत हसली. वेणूताईही हसली. घरी येईपर्यंत मात्र तिला एकच गोष्ट पोखरत राहिली — मी कशाला हसले? ते माझ्यावरच होतं की काय?

आठवड्यात तिनं रद्दीवाल्याकडून जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. रोज सकाळी एक शब्द. कापड आखायच्या खडूनं मशीनच्या फळीवर लिहायचा आणि दिवसभरात कुणाला तरी चिकटवायचा. दावं तोडणारं रेडकू ‘ऑब्स्टिनेट’. दर खेपेला गळ्याचं माप बदलणारी सरपंचीण ‘फिकल’. नवरा यशवंतराव ‘टॅसिटर्न’, म्हणजे अबोल. हे तिनं त्याला सांगितलं, तर तो काहीच बोलला नाही. शब्द पक्का झाला!

असे चारशे शब्द झाले, मंडळी. चारशे! पेपरातलं इंग्रजी अडलं की शाळेचे मास्तरही कधीमधी दारात थांबायचे.

आणि मग तिला मोजायची खाज सुटली. कोशात वीस हजार शब्द. दिवसाला एक धरला तर पंचावन्न वर्षं. वय बेचाळीस. म्हणजे शेवटचं पान सत्त्याण्णवाव्या वर्षी! चैन पडेना. बसली तर उठावंसं वाटे, उठली तर पुस्तक हाक मारी. एका गिऱ्हाइकाची बाही उलटी लावली, दुसरीची दोनदा उसवली. शेवटी श्रावणात तिनं ठरवून टाकलं. पारायण! सात दिवसांत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.

चौरंग मांडला, समई लावली. धुतलेलं लुगडं नेसून वेणूताई मोठ्यानं वाचायला बसली. शेजारणी ऐकायला आल्या, हात जोडून बसल्या. ‘कॅटॅस्ट्रॉफी’, म्हणजे महासंकट, आला तेव्हा एकीनं नमस्कार केला. हसता काय? आपण वेगळं काय करतो?

सातव्या दिवशी समाप्ती, पुरणाचा नैवेद्य. आणि रीतच ती — ग्रंथ लाल फडक्यात बांधून मारुतीच्या देवळात दान. गाव म्हणायला लागलं, वेणूताईंना सगळं इंग्रजी येतं. वेणूताई नाही म्हणाली नाही.

पुढच्याच महिन्यात एका शनिवारी दुपारी हौसा दळवी दारात आली. हौसाच्या नवऱ्याच्या, दादूच्या मानेवर गाठ आली होती. तालुक्याला तिचा तुकडा काढून तपासायला दिला होता. त्याचा कागद हातात आला, पण डॉक्टर भेटणार सोमवारी. हौसा दोन दिवस जेवली नव्हती. दादू ओट्याखाली उभा राहून चपलेनं माती उकरत होता. मागं चार शेजारणी.

वेणूताईनं कागद घेतला. तळाशी जाड अक्षरांत एकच शब्द. बिनाइन. वाचता तर आला. पारायणाच्या पहिल्या दिवसाचा शब्द. डाव्या पानावर होता, तो वाचताना समईची वात सारखी केली होती, तेसुद्धा आठवलं. आणि अर्थ? कोरा. चांगला की वाईट, एवढंही हाताला लागेना.

“ताई,” हौसा म्हणाली, “बरं हाय का वाईट, एवढंच सांगा. बाकीचं सोमवारी बघू.”

इथं थांबू या, मंडळी. तुम्ही काय केलं असतं? ‘बरं आहे’ म्हणायला काय जातंय? दोन दिवस तरी बाई जेवेल, आणि नाव राहील ते वेगळंच! वेणूताईच्या ओठांवर ते आलंही होतं. तेवढ्यात शिवणारणीची नजर हौसाच्या हाताकडं गेली. पिळून पिळून तिनं पदराचा काठ उसवला होता.

“हौसा, मला नाही येत हा शब्द,” वेणूताई म्हणाली. “चल देवळात.”

शनिवार तो. मारुतीपुढं सगळं गाव लोटलेलं. तात्याबा गुरव म्हणाला की दिलेला ग्रंथ देवाचा झाला, परत मागणं बरं दिसत नाही. आणि तुम्ही तर तो पुरा केलाय ना? रांगेतून कुणीतरी टोमणा मारला, ताईंना तर पाठ असेल की. वेणूताईचे कान तापले.

“तात्याबा, माझं पारायण झालंच नाही. मी नुसती पानं उलटली. फडकं सोडा.”

तात्याबानं सोडलं. ती तिथंच फरशीवर बसली. पान दोनदा पुढं निघून गेलं. मग सापडलं. आधी तिनं मनात वाचलं, मग मोठ्यानं. “आजाराविषयी बोलताना — जिवाला धोका नसलेला.”

हौसा म्हणाली, “परत वाचा.” वाचलं. “आणखी एकदा.” तिसऱ्या खेपेला दादू खांबाला टेकून खालीच बसला. वेणूताईनं बजावलं, पक्कं डॉक्टरच सांगतील, सोमवारी जायचं म्हणजे जायचं. गेले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

गाव मात्र महिनाभर चिडवत राहिलं, ‘पानं उलटणाऱ्या ताई’. चिडवू द्या. तात्याबाला विचारून तिनं कोश घरी आणला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवर पहिल्या पानावरचा पहिला शब्द लिहिला. एकच. अठरा वर्षांनी वेणूताई गेली, तेव्हा खुणेची चिंधी ‘जी’च्या पानांत होती. निम्माही कोश झाला नव्हता, मंडळी. पण चिंधीच्या अलीकडचा कुठलाही शब्द विचारायचा, आणि ती सांगायची. पलीकडचा आला नाही, तर म्हणायची, नाही येत, बघू या.

आणि आपण? वर्षाला किती पारायणं? बोटं पुरत नाहीत! ‘दया’, ‘क्षमा’ हे शब्द सकाळी पाटावर बसून मोठ्यानं म्हणतो, आणि दहा वाजता सून चुकली की आपल्याला त्यांचा अर्थ आठवत नाही. अशीच कुणीतरी हौसा उद्या तुमच्याही दारात येईल, हातात कागद नसेल एवढंच. तिला काय सांगाल?

चला, आता विठ्ठलाचं नाव घेऊ. घाई नको, मोजायचंही नाही. एकदाच. पण कळून.