थुंकायची कॉफी

दवाखान्यात अंगठ्याला चिंधी गुंडाळून बसलेल्या शिंप्याचे कान मागच्या बाकाकडे लागले होते. तिथं कॉफीची बाग असलेलं एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"रात्रभर डोळ्याला डोळा नाही, छातीत धडधड! प्यायलात तरी किती?"

"टेबलावर होते तेवढे पेले. परदेशचा खरेदीदार कॉफी चाखायला आला होता. बागायतदारांच्या सोसायटीनं मलाही बसवलं."

"त्यानंही सगळे संपवले?"

"छे! तो चमचाभर भुरकायचा आणि डब्यात थुंकायचा. तीच रीत आहे म्हणे."

"मग तुम्हाला काय झालं? एरवी तर अंगणभर थुंकता!"

"अगं, कॉफी सगळ्यांच्या बागांतली. पेल्यांवर नुसते नंबर. आपला कुठला, कसं कळणार?"

"म्हणून सगळे गिळलेत?"

"आपलाच थुंकला असता म्हणजे?"



"त्याला आवडली का?"

"संध्याकाळी कळवणार आहे."

तेवढ्यात नर्स आली.

"काय होतंय आजोबांना?"

"कॉफी जास्त झालीय. डॉक्टरांना सांग, यांना काय बोलायचं ते बोला, पण कॉफीला नावं ठेवू नका. आमची आहे ती."