लेकीच्या राज्यात

एल पासोच्या बसस्थानकात ओफेलियाबाईंच्या पुढे व्हर्माँटचं एक म्हातारं जोडपं रांगेत भांडत होतं.

"बस बोमाँटला उद्या दुपारी पोचणार? अहो, लेकीचं सिझेरियन तिथे सकाळी आहे!"

"टेक्सासलाच उतरलो ना, मार्जरी? वाटलं, तासाभराचा रस्ता असेल."

"आपलं राज्य जेवणाआधी पालथं घालता येतं, म्हणून सगळीच तशी?"

म्हातारा मागे वळला. "बाई, तुम्ही इथल्या ना? जवळची वाट नाही का?"

"बोमाँट टेक्सासच्या पार दुसऱ्या टोकाला. इथून कॅलिफोर्निया जवळ, बोमाँट लांब," ओफेलियाबाई म्हणाल्या. "आजचं विमानही गेलं."

तेवढ्यात मार्जरीचा फोन वाजला. लेकीचा आवाज अख्ख्या रांगेला ऐकू आला.

"आई, भीती वाटतेय गं. कुठे आहात?"

"टेक्सासात पोचलो, बाळा!"

"टेक्सासात कुठे?"

मार्जरीने फोन नवऱ्याच्या हातात कोंबला.

"सांगा. तुमच्याच तोंडाने सांगा."