दादाचे चार कामगार

बटण आधी आणि विचार नंतर, ही माझी जुनी तऱ्हा. कुपवाडच्या कारखान्यात बेदाणा निवडायच्या मशीनचा प्रोग्राम माझ्या दादानं लिहिला होता. कॉम्प्युटरच्या आत चार कामगार, म्हणजे प्रोग्रामचेच चार भाग, एकदम बेदाण्याचे फोटो तपासायचे आणि निकाल एकाच सामायिक मेमरीत लिहायचे. एकानं त्या मेमरीला कुलूप लावून लिहायचं, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. दादानं त्यांना घरचीच नावं दिली होती: दादा, आई, आबा आणि बंड्या. बंड्या म्हणजे मी.

दादाला देवाघरी जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी चालवायचो ते मशीन रखडायला लागलं. कारखान्याचे शेट म्हणाले, "आज चाललं न्हाई तर हा प्रोग्राम काढून टाकणार."

मी दादाच्या मित्राला, सागरभाऊला, फोन लावला.

"मेमरी कमी पडतीया. एक कामगार बंद कर. पण आधी बघ…"

मी कसला बघतोय! बटण दाबलं आणि सगळंच ठप्प झालं.

"कुणाला बंद केलंस रं?"

"बंड्याला. मलाच."

"अरं गड्या, कुलूप त्याच्याकडंच असणार! बाकीचे तिघं त्याची वाट बघत बसल्यात. सगळं पुन्हा चालू कर, आणि आता कुलूप नसताना यादीतला पहिला बंद कर."

"पहिला दादा हाय."

मी सगळं पुन्हा चालू केलं होतं, पण या खेपेला बोट बटणावरून मागं घेतलं.

"चांगला चालतोय की त्यो," मी म्हणालो. "चालत्या माणसाला कसं बंद करू?"

"नको करू. चौघंबी राहू देत. शेटना सांग, जादा मेमरी घिऊन मी निघालोय."