देवपाजेवरचा खांदा

ऐका. आणि तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतो.

गोव्यात फिरंग्यांचं राज्य होतं, तेव्हाची ही गोष्ट. हद्द आपल्या डोंगराच्या माथ्यावरून जायची. अलीकडे आपण, पलीकडे फिरंगी. पण सोयरीक काय हद्द बघून होते? सगुण गावकराची धाकटी बहीण शेवंती पलीकडेच दिलेली. एका तिन्हीसांजेला तिच्या दिराचा निरोप आला. बाळंतपणानंतर ताप चढलाय, माणसं ओळखीना. सगुणनं वैद्याकडनं काढ्याची बाटली घेतली, कमरेला करकचून बांधली, चूड पेटवली आणि निघाला.

मोठ्या वाटेवर फिरंग्यांचा नाका. सकाळ झाल्याशिवाय सोडायचे नाहीत. म्हणून त्यानं धरली देवपाज. कड्याच्या काठानं जाणारी ती अरुंद पायवाट हो!

बायको दारात आडवी आली. "त्या वाटेन जाव नकात."

"शेवंती मरतली गो!" म्हणाला, आणि गेलाच.

चढावर मागे पावलं वाजायला लागली. हा थांबला की ती थांबत. हा चालला की ती चालत. मग अगदी कानाशी आवाज, "विडी आसा काय रे, सगुणा?"

नाव घेऊन! वळला तर कोणी नाही. आपण काय म्हणतो? रात्रीच्या हाकेला ओ द्यायची नाही. नाही दिली त्यानं. तसाच चालत राहिला.

माथा ओलांडला, पलीकडचा उतार लागला, तशी दरीतून शेवंती रडली. "दादा, पाणी..."

हुबेहूब तीच! पाय वळलाच होता बघा. पण ती तर घरात, खाटेवर! जीभ चावली आणि पुढं निघाला. तेवढ्यात चूड विझली. वारा नाही, काही नाही. विझली!

आणि खालून, अंधारातून, पालखी वर आली. तीन भोई. मागचा एक खांदा मोकळा.

आता ही पालखी कुणाची? त्याच्याही कितीतरी पिढ्या आधी फिरंगी देवळं पाडत सुटले, तेव्हा पलीकडच्या लोकांनी देवी पालखीत घातली आणि रातोरात याच पाजेनं इकडे निघाले. मागे शिपाई. कड्यापाशी एक भोई घाबरला, खांदा सोडून पळाला. पालखी कलंडली. देवी झुडपात अडकली. आपल्या देवळात आहे ना, ती तीच. ते तिघे मात्र पालखीसकट दरीत गेले.

"खांदो दी रे," पुढचा म्हणाला. "हद्द जवळ इली."

सगुण नको म्हणणार होता हो! पण दांडा आपोआप त्याच्या खांद्यावर येऊन बसला. चालली पालखी. आधी हलकी. मग जड. मग आणखी जड. त्यानं दांडा ढकलून पाहिला, हात चिकटल्यासारखा झाला. आणि वाट? वाट कुठली, कड्याकडे चालले होते! पायाखालचे खडे सुटायला लागले. खाली पडल्याचा आवाज येईना. पुढचे दोघे तर पोकळीतच पावलं टाकत होते!

ओरडून कोण ऐकणार? पण सगुण दर जत्रेला पालखीला लागणारा गडी. त्याच्या तोंडून सवयीनंच निघालं, "खांदो बदला!"

ही हाक आली की थांबायचं, दमलेल्याला मोकळं करायचं. भोई मेला तरी रीत विसरत नाही. तिघे थांबले. दांडा वीतभर वर उचलला गेला. सगुण खालून निसटला, पालथा पडला, करवंदीची जाळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. काटे रुतले, तरी सोडली नाही.

पालखी तिरकी झाली. गेली. आपटल्याचा आवाजसुद्धा नाही. फक्त एक बोलणं वर आलं. रागाचं नव्हे, दमलेलं.

"परत सोडलंस रे..."

उजाडेपर्यंत तो तिथंच होता. मग धावत सुटला. बाटली शाबूत होती. शेवंती वाचली, पुढं नातवंडांची आजी झाली. सगुण मात्र पुन्हा कधी पालखीला लागला नाही. जत्रेत लांब उभा राहायचा, मान खाली घालून. मी पाहिलाय ना त्याला! एकदा विचारलं, "काका, अजून भंय वाटता?"

तर म्हणाला, "भंय नाय रे. लाज वाटता."

तेव्हा पोरांनो, पलीकडे कुणाचा जीव जात असला तरी मोठ्या वाटेनं जा. नाक्यावर खोळंबा. देवपाज धरायची नाही. ते तिघे अजून इकडे पोचलेले नाहीत, आणि तो खांदा मोकळाच आहे.