फुलदाणीचं बूड

ऑलिव्ह : आधी तो कोट काढ. घरात येऊन कुणी कोट घालून उभं राहिलं की मला बेलिफ आल्यासारखं वाटतं.

मॅव्हिस : बसत नाही गं, ऑलिव्ह मावशी. एकच विचारायचंय. विचारते आणि निघते.

ऑलिव्ह : एकच विचारायला दोघं आलात?

डेरिक : मी नुसता गाडीवान. मला चहा मिळाला तरी पुरे.

ऑलिव्ह : तू लाँगटनचा ना? मग फिका केला तरी चालेल.

डेरिक : ऐकलंस, मॅव्हिस? सहा गावांचं मिळून एक स्टोक शहर झालं त्याला शंभर वर्षं होऊन गेली. लग्न होऊन माझे केस गेले. पण बर्सलेमच्या बायकांना मी अजून परमुलखातलाच!

ऑलिव्ह : आहेसच. बस. ओटकेक तव्यावरून आत्ताच उतरलेत, चीज घातलंय. ही घे बशी.

मॅव्हिस : मावशी, उद्या सकाळी आमच्या इतिहास मंडळाचं प्रदर्शन उघडतंय. चॅपलच्या हॉलमध्ये. थर्स्टनच्या चिनी मातीच्या कारखान्यातली ती निळी फुलदाणी आठवते तुला? राणीच्या राज्याभिषेकाच्या साली लंडनच्या प्रदर्शनात गेली होती ती?

ऑलिव्ह : आठवते.

मॅव्हिस : ती सापडलीय! इतकी वर्षं मालकांच्या घरी कपाटात होती. नातवानं ते घर विकायला काढलं आणि फुलदाणी मंडळाला देऊन टाकली. बुडावर आईची खूण आहे. तीन पाकळ्यांचं फूल. पाटीवर आईचं नाव घालायचंय. छापणारा दुपारी दुकान बंद करतो, म्हणून ही धावपळ.

ऑलिव्ह : मग घाल की. मला काय विचारतेस?

मॅव्हिस : भांडी रंगवायला तू तिच्या शेजारच्या बाकावर बसायचीस. तू एकदा हो म्हणालीस की मी सुटले. हे मशीन इथे ठेवते हं. मंडळाच्या नोंदीसाठी आवाज घेतो आम्ही. आधी सोपं सांग. बाकांवरच्या बायकांच्या खुणा काय काय होत्या?

ऑलिव्ह : ॲग्निसची चांदणी. मोठ्या डोरिसची दोन रेघांची फुली. नेलचं, तुझ्या आईचं, तीन पाकळ्यांचं फूल. हौशी बाई.

मॅव्हिस : आणि तुझी?

ऑलिव्ह : एक ठिपका. नगावर मजुरी मिळायची बाई. बुडावर फुलं काढत बसायला सवड कुणाला?

डेरिक : बशी मात्र झकास आहे हं मावशी. कुठली ही?

मॅव्हिस : डेरिक, उलटी करू नकोस! वर ओटकेक आहे!

(ओटकेक चीजसकट गालिच्यावर.)

डेरिक : अरे देवा. हात आपोआपच वळतो हो.

ऑलिव्ह : वळणारच. भांडी घडवणाऱ्या या शहरात बुडावरचा छाप बघायला ज्याचा हात वळत नाही तो इथला नव्हे. बरं, कुठली निघाली?

डेरिक : टनस्टॉलची.

ऑलिव्ह : मग ओटकेक वाया नाही गेला. चल, लाँगटनवाल्या, तुला एक गुण दिला. मॅव्हिस, तू येरझाऱ्या घालू नकोस. जमीन कुरकुरते आणि माझा जीवही.

मॅव्हिस : मला स्वस्थ बसवतच नाही. कालपासून असंच चाललंय.

डेरिक : काल कसलं, आठवडा झाला. घरातल्या बशा भिंतीला टेकवून टॉर्च घेऊन बसते. मी विचारलं तर म्हणते, पानं बघतेय.

ऑलिव्ह : कसली पानं?

मॅव्हिस : सांगतेच. म्हणजे तेच विचारायला आले. आईनं रंगवलेल्या सगळ्या बशांवर पानं उजवीकडे कलतात. एकूण एक. आणि या फुलदाणीवरची डावीकडे कलतात. हात तोच वाटतो, रंगाचा चढउतार तोच, पण कल उलटा.

डेरिक : मी म्हटलं, बाई त्या दिवशी वळून बसली असेल.

मॅव्हिस : आणि मावशी, तू मघापासून किटली डाव्या हातानं धरली आहेस.

ऑलिव्ह : किटली जड आहे.

मॅव्हिस : मावशी...

ऑलिव्ह : ते मशीन बंद कर.

मॅव्हिस : केलं.

ऑलिव्ह : तुझ्या आईचं नाव घाल आणि मोकळी हो. खूण तिची आहे ना? ज्याची खूण, त्याचं भांडं. बाकावरचं बाकावरच राहतं.

मॅव्हिस : असं कसं मोकळी होऊ? वाचनालयात बसून मी जुनी वर्तमानपत्रं उपसलीत. डोळे गेले माझे. मालकाचं नाव सापडतं, भट्टीवाल्याचं सापडतं, मालकाच्या कुत्र्यानं बक्षीस मिळवलं तर त्याचंसुद्धा! बायकांच्या फोटोखाली काय? ‘कामगार बायका’. बस्स. माझी आई जन्मभर त्या बाकावर वाकून पाठीनं अधू झाली आणि तिचं नाव या शहरात कुठे लिहिलेलं नाही. थडग्यावर सोडून. मला एक पाटी हवीय तिच्या नावाची. पण खरी हवीय. उद्या तिथे उभं राहून बोलायचंय मला, आणि तोंड उघडलं की डोळ्यापुढे ती पानं येतात.

ऑलिव्ह : हट्टी आहेस. तीही होती.

मॅव्हिस : तुम्ही दोघी का बोलत नव्हतात? बाजारात ती समोरून आली की तू रस्ता ओलांडायचीस. मला मात्र दरवर्षी वाढदिवसाचं कार्ड. मी लहानपणी आईला एकदाच विचारलं. म्हणाली, ‘मी काय केलं ते ऑलिव्हनं बघितलंय. आता बोलायचं तर तिनं बोलावं.’ मला वाटलं, काहीतरी भयंकर केलं असणार.

ऑलिव्ह : असं म्हणाली?

मॅव्हिस : अगदी असंच.

ऑलिव्ह : बघितलंच होतं मी. खोटं नाही बोलली. डेरिक, तो गालिचा पुसायचं सोड, मेल्या, अजून पसरवतोयस. दार लाव, वारं येतंय. आणि मॅव्हिस, तू बसणार असलीस तर सांगते. उभ्या माणसाला मी काही सांगत नाही.

मॅव्हिस : ही बघ, बसले.

ऑलिव्ह : आमच्याकडे रीत होती. मुकादमीण मिसेस क्लूज डोळ्यांत तेल घालून असायची. बाई बाळंतपणाला गेली की तिचा बाक दुसरीला. परत आलीस तर ये, जागा असली तर बस. म्हणून आम्ही काय करायचो, शेजारची बाई आपलं काम करून वर तिचंही थोडं करायची. तिच्याच वळणानं आणि तिच्याच खुणेनं. म्हणजे नग मोजणाऱ्याला वाटावं, बाई आहे, आजारपणात अधूनमधून येते. मिसेस क्लूजला कळत नसेल असं नाही. पण भांडी मोजून पुरी भरली की तीही गप्प. आणि कुणी कुणासाठी केलं हे तोंडातून काढायचं नाही. आभारसुद्धा मानायचे नाहीत. उद्या तुझी पाळी आली की ती करेल. संपलं.

मॅव्हिस : आणि आई गेली ती...

ऑलिव्ह : तुझ्या वेळी. तू आडवी होतीस, तेव्हापासूनच तुझं सरळ काही नाही. नेल बरेच दिवस अंथरुणाला होती. मी तिच्या बशा रंगवल्या, तिची फुलं बुडावर काढली. आणि मग तिच्या फळीवर ती फुलदाणी आली.

डेरिक : म्हणजे तुम्हीच रंगवलीत?

ऑलिव्ह : नाही, लाँगटनहून माणूस बोलावला होता. मीच रे! नेलच्या वळणानं रंगवायला बसले. पण डाव्या हाताला उजव्याची चाल किती दिवस लावणार? निम्म्यावर आले आणि हात स्वतःच्या मनानं चालायला लागला. काय सांगू पोरी तुला. तशी पानं मी आधी कधी काढली नाहीत, नंतरही नाहीत. पूर्ण झाली तेव्हा आख्ख्या बाकानं ब्रश खाली ठेवले. मोठी डोरिस म्हणाली, ‘बरं आहे.’ डोरिस कधी कुणाला ‘बरं आहे’ म्हणायची नाही.

मॅव्हिस : मग बुडावर आईची खूण काढलीस.

ऑलिव्ह : नाही काढली. बशांवर काढली, पण या बुडावर नाही निघाली माझ्यानं. माझी काढणं रीतीत बसत नव्हतं आणि तिची काढायला हात धजेना. कोरं ठेवलं. म्हटलं, येईल, बघेल, तीच काय ते ठरवेल.

मॅव्हिस : आणि आई आली.

ऑलिव्ह : सोमवारी आली. फुलदाणी हातात घेतली, कितीतरी वेळ फिरवून बघितली, मग उलटी केली. माझ्याकडे बघितलं नाही. ब्रश घेतला. मी इकडून चोरून बघत होते. एक पाकळी. दोन. तीन. मग मी मान फिरवली. बस झालं म्हटलं. पोऱ्या फळी उचलून भट्टीकडे घेऊन गेला. पुढचं तुला वर्तमानपत्रातच सापडलं असेल. भट्टीतून निघाली, मालक नाचत खाली आले, नेलचा हात हातात घेतला. फुलदाणी लंडनला, नेल वरच्या मजल्यावर, नक्षी काढणाऱ्यांच्या खोलीत. खिडकीजवळ जागा. आणि मी खाली ठिपके देत.

मॅव्हिस : तिनं सांगायला हवं होतं.

ऑलिव्ह : कुणाला? मालकाला? दोघींना घरी बसवलं असतं. ते मला नको होतं गं. मालकानं काय म्हणावं याचं मला काय! मला तिनं म्हणायला हवं होतं. नुसतं जिन्यात गाठून, ‘ऑलिव्ह, छान झालीय’. एवढंच. तिनं तेही नाही म्हटलं. माझी जिवाभावाची मैत्रीण होती ती. तिच्यासारखी मला पुन्हा मिळाली नाही.

डेरिक : मावशी, पाणी आणू?

ऑलिव्ह : चहा आहे समोर. पाणी कशाला?

मॅव्हिस : बस, ठरलं. पाटीवर तुझं नाव. आईचं काढते.

ऑलिव्ह : खबरदार. मेलेल्या बाईच्या हातून भांडं काढून घेतेस? रीत म्हणजे रीत. आणि उद्या मी यायची नाही, मला बोलावूही नकोस.

मॅव्हिस : मग मी करू काय? तिचं घातलं तर खोटं, तुझं घातलं तर तू भांडतेस! मला वाटलं होतं, एक पाटी, त्यात काय एवढं.

डेरिक : मी म्हणतो, एकदा फोटो तरी दाखव त्यांना. मालकाच्या कपाटात होती, यांनी बघितलीय कधी नंतर?

ऑलिव्ह : मला नको दाखवूस.

डेरिक : मोबाईलवर आहे हो. हे बघा, पानं काय सुरेख आलीत. आणि हे बूड.

ऑलिव्ह : बुडाचा फोटो काढलात?

डेरिक : स्टोकची माणसं आम्ही. बुडाचाच आधी काढला.

ऑलिव्ह : आण इकडे. माझा चष्मा दे. तो नव्हे, टीव्हीशेजारचा. मोठं कसं करायचं हे?

डेरिक : दोन बोटांनी. असं.

ऑलिव्ह : हं. तिचंच. मधली पाकळी नेहमी जाडी. हे काय बाजूला?

मॅव्हिस : ते काही नाही, रंगाचा शिंतोडा. बाकी कुठल्याच बशीवर नाही तो. मी वर्णनात ‘किरकोळ डाग’ असं लिहिलंय.

ऑलिव्ह : नेलच्या ब्रशातून शिंतोडा?

मॅव्हिस : का गं?

ऑलिव्ह : तुझी आई ब्रश तीनदा निथळायची. आम्ही हसायचो तिला. जन्मात तिचा थेंब सांडला नाही कुठे. हा टेकवलाय. गोल आहे बघ. देठाजवळ, जोडून.

डेरिक : थांबा, थांबा. ठिपका म्हणजे... मघाशी तुम्हीच म्हणालात ना, ठिपका तुमचा?

मॅव्हिस : मावशी...

ऑलिव्ह : तीन बघितल्या आणि मी मान फिरवली. चौथ्यांदा ब्रश टेकलेला मी बघितलाच नाही.

मॅव्हिस : आणि तिला वाटलं, तू बघितलंस.

ऑलिव्ह : वाटणारच! बर्सलेमची बाई, आपल्या हातचं भांडं, आणि भट्टीतून आल्यावर उलटं करून बघणार नाही? सगळ्या बाकाच्या बायका जाऊन उलटं करून बघून आल्या, आणि रीतीप्रमाणे तोंडातून काही काढलं नाही. मी नाही गेले. रागानं नाही गेले. पुढं ज्याच्या-त्याच्या लग्नात बशा उलट्या केल्या, इस्पितळात केल्या, पाद्र्याच्या घरी त्याच्या डोळ्यांदेखत केल्या. आणि हे एक भांडं... ती माझी वाट बघत बसली असणार. मी म्हणायची तिनं यावं, ती म्हणायची मी यावं. मूर्ख बायका. दोघी.

मॅव्हिस : रडू नकोस गं.

ऑलिव्ह : रडत नाही. रडले तर तुझं काय जातं? तिच्या मयताला आले होते मी, ठाऊक आहे? चॅपलमध्ये मागच्या बाकावर बसले आणि नंतरच्या चहाला न थांबता निघून गेले. अजून रागच होता, बघ. मेलेल्या माणसावर.

डेरिक : मॅव्हिस, छापणारा दुकान बंद करेल.

मॅव्हिस : लाव फोन. त्याला म्हणावं, दोन नावं. आणि ‘किरकोळ डाग’ काढून टाक म्हणावं, आधी ते काढ. मावशी, रीत राहू दे आता. आईनं स्वतःच मोडलीय ती. ऑलिव्ह ब्लूर लिहू ना?

ऑलिव्ह : ब्लूर कसं? तेव्हा माझं लग्न कुठं झालं होतं? ऑलिव्ह मॅचिन. आणि नेलचं नाव आधी.

मॅव्हिस : का?

ऑलिव्ह : बुडावर तसंच आहे ना? पाकळ्या आधी.

मॅव्हिस : बरं. आणि उद्या? येशील?

ऑलिव्ह : किती वाजता उघडतंय?

डेरिक : मी गाडी घेऊन येतो, दहाला.

ऑलिव्ह : नवाला ये. काचेच्या पेटीत ठेवायच्या आधी ती फुलदाणी माझ्या हातात द्यायला सांग त्यांना. एकदा उलटी करायचीय मला.