आचाऱ्याचा आवाज अर्धाच ठेवा

नाही हो काका, तुमचा गैरसमज होतोय — पूर्ण दुरुस्त नकोच आहे मला, अर्धं हवंय. अर्धं म्हणजे... आवाज यायला तर हवा, अगदी मुका नको, पण स्वच्छही नको. मध्येच दबलेला, मध्येच घोगरा, सर्दी झालेल्या माणसासारखा. येतं का असं करता? तुम्ही इतकी वर्षं रेडिओ दुरुस्त करताय, म्हणजे थोडंसं बिघडवताही येत असेल की. चष्म्यावरून असे बघू नका, वेडा नाहीये मी. पलीकडच्या गल्लीत फोटोफ्रेमचं दुकान आहे ना, निळ्या पाटीचं — ते माझं. आणि हा फोटो नाही, व्हिडिओ गेम आहे. हातात धरून खेळायचा. घरी केलेला, मी केलेला. सोनेरी पट्टी दिसतेय ती फ्रेमचीच, लग्नाच्या फोटोला लावतो ना आपण, ती. उरली होती दीड फूट, म्हटलं वाया कशाला घालवा.

चार महिने घातलेत हो यात. पोरंसोरं करतात ते व्हिडिओ बघून बघून शिकलो. आत एक बिस्किटाएवढा कॉम्प्युटर आहे, वर हा एवढासा पडदा, खाली बॅटरी. बटणं जुन्या कॅल्क्युलेटरची काढून लावली — त्यामुळे उडी मारायची तर बेरजेचं दाबायचं, मागे सरकायचं तर वजाबाकीचं. सवय होते. स्पीकर? स्पीकर आमच्याच दारावरच्या बेलचा आहे. काढला आणि बसवला, घरात काही बोललो नाही. आता आठ दिवस झाले, बायको म्हणतेय हल्ली आपल्याकडे कुणी येईनासंच झालंय. मी म्हटलं, लोक बदललेत. काल तिची मावशी दाराबाहेर वीस मिनिटं उभी होती म्हणे. त्यानंतर जे ऐकलं ते सोडा, तो विषय वेगळा.

तर आवाज. पहिल्यांदा सुरू केला तेव्हा आतून नुसतं घूंऽऽ. मला वाटलं गेमचं संगीतच असेल. दोन दिवस मी त्यावर मान डोलावली — खोटं कशाला सांगू? मग लक्षात आलं, पडदा उजळला की घूं वाढतंय, पडदा काळा झाला की कमी होतंय. तुम्ही आत्ता म्हणालात तेच, पडदा आणि स्पीकर एकाच वायरीवर जेवतायत, एकाने घास घेतला की दुसरा कण्हतो. ते मला आज कळलं. तेव्हा मी काय केलं? मी म्हटलं, आत धूळ जात असणार. आमच्या धंद्यात काहीही बिघडलं की कारण एकच — धूळ. फोटोला डाग पडला, धूळ. बुरशी आली, धूळ. मग मी आपल्या पद्धतीने मागून पुठ्ठा ठोकला, चारी कडांना खाकी टेप मारली, कोपऱ्यांवर दुसरा थर, समोर काच बसवली. मुंगीचीसुद्धा शिरायची टाप नाही अशी पक्की. आणि आवाज गेलाच. म्हणजे आत वाजत असणार तो, बाहेर यायला वाट नाही. हसताय? हसा. माझ्या हातून गेलेली फ्रेम वीस वर्षं उघडत नाही, असं गिऱ्हाईक सांगतं. स्पीकरला भोक ठेवायचं असतं हे फ्रेमवाल्याला कोण सांगणार? आम्ही भोकं बुजवणारी माणसं.

अहो अहो, पूर्ण टेप नका काढू — बरं, काढा. काढल्याशिवाय होणार नाही, दिसतंय मला. पण ते अर्ध्याचं लक्षात ठेवा. का म्हणजे? भाचीसाठी आहे तो. लहान आहे, मोठा आवाज तिच्या कानाला... काय लहान, तेवीस वर्षांची आहे भाची, बँकेत लागली. भाचीच्या आईसाठी आहे. माझी धाकटी बहीण. टिटवी म्हणायचो आम्ही तिला, लहानपणापासून आवाज तसाच, गल्लीच्या टोकाला ऐकू यायचा. रविवारी पन्नाशी पूर्ण होतेय तिची. सगळे जमणार आहेत आमच्याकडे, आणि हिला काय द्यावं, तर लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून जो गेम खेळायचो तोच नेमका मला इंटरनेटवर सापडला. एक जाडा आचारी असतो, त्याच्या डोक्यावर केक, त्याने जिने चढत जायचं आणि वरून ताटल्या पडतात. ताटली लागली की केक पडला, खेळ संपला. सोपं वाटतं, पण आचारी फार जाडा आहे, लवकर हलत नाही. मला सापडला तेव्हा इतका आनंद झाला की पुढचा विचारच केला नाही, फ्रेमची पट्टी कापायलाच बसलो. पट्टी कापून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. माझं नेहमी असंच होतं.

पुढचा विचार म्हणजे — तुम्ही काम करत राहा हो, मी बोलतो, बोलल्याने तुमच्या हाताला काही होत नाही ना? तर आमच्या घरात खोल्या दोन होत्या. एक खिडकीची, रस्त्याकडची. दुसरी मागची, भिंतीला लागून पाण्याची मोटर. पहाटे पाचला ती मोटर सुरू व्हायची ती अशी की कपाटातली भांडी गावाला निघाल्यासारखी वाजायची. खिडकीची खोली कुणाला, यावरून मी आणि टिटवी महिनाभर भांडलो. शेवटी वडील म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा आणि मला सांगा. आम्ही ठरवलं, आचाऱ्यावर. एकच डाव, जो जास्त जिने चढेल त्याची खिडकी. आता खरं म्हणजे मी हो म्हणायलाच नको होतं, कारण ती रोज जिंकायची. रोज. मी पाचव्या जिन्यावर, ती तेराव्या. पण माझ्यात अक्कल कमी आणि ताठा जास्त, मोठा भाऊ ना.

आणि त्या दिवशी मी जिंकलो. हो, जिंकलो. पाच जिने मी, तीन ती. तिसऱ्या जिन्यावर ताटली सरळ डोक्यात. मला खिडकी मिळाली, तिला मोटर, लग्न होईपर्यंत अकरा वर्षं. आणि ती काय म्हणाली माहितीये? रडली नाही, भांडली नाही. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, दादा, आज तू माझ्याहून भारी खेळलास. तेव्हापासून ती हे सांगत फिरतेय. माझ्या लग्नात सांगितलं, तिच्या लग्नात सांगितलं, भाचीला तर गोष्टीसारखं सांगून झोपवलंय — आमचा दादा अभ्यासात माठ, क्रिकेटमध्ये माठ, पोहायला गेला तर दोघांनी ओढून काढला, पण एकदा त्याने मला समोरासमोर हरवलं बरं का. काका, माझ्याबद्दल चारचौघांत कुणी चांगलं बोलतं अशी ती एकच गोष्ट आहे. आणि तीही...

तीही काही नाही. तुम्ही तो स्पीकरचा काळा डबा उघडा. अहो, असं थांबू नका हातात स्क्रूड्रायव्हर धरून, मला उगाच बोलावंसं वाटतं.

टीव्हीचा आवाज मी कमी केला होता. बस. पाणी प्यायला उठलो, येताना टीव्हीला टेकलो आणि चाक फिरवलं शून्यावर. ती म्हणाली, दादा, आवाज? मी म्हटलं, बाबांचं डोकं दुखतंय. बाबा घरात नव्हतेच. बाबा त्या वेळी ऑफिसात होते, काका. तिच्या लक्षातही आलं नाही, ती बिचारी हळू आवाजात म्हणाली, बरं बरं, मग राहू दे. ताटली पडायच्या आधी ना, त्या गेममध्ये एक टुंग असं वाजतं. पापणी लवते ना, तेवढं आधी. मी डोळे फाडून वर बघत बसायचो आणि ती ऐकायची. टुंग वाजलं की सरकायची, वर बघायचीसुद्धा नाही. ते मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर चाक फिरवलं ना. चला, झालं सांगून. पस्तीस-छत्तीस वर्षांत बायकोला नाही सांगितलं आणि तुम्हाला सांगतोय, तुमचं नावसुद्धा मला माहीत नाही.

आता बघा माझी गंमत. रविवारी ती हा हातात घेणार, सगळे भोवती उभे राहणार, आणि कुणीतरी म्हणणारच — होऊन जाऊ दे, दादा विरुद्ध टिटवी. आवाज नीट असला तर ती पंधरा जिने चढणार आणि मी पाच. मग भाची विचारणार. बँकेत आहे ती, तिला आकडे जुळलेले लागतात — मामा, मग त्या वेळी तू जिंकलास कसा? आणि आवाज बंद असला तर टिटवी तिसऱ्या जिन्यावर मरणार, हुबेहूब तेव्हासारखी, आणि तिथल्या तिथे तिला सगळं आठवणार. डोकं दुखणारे बाबा आठवणार. इकडे आड तिकडे विहीर. म्हणून म्हटलं अर्धा ठेवा. कधी ऐकू येईल, कधी नाही, ती आठव्या जिन्यावर, मी पाचव्यावर, दोघांचं समाधान. खरं सांगू? टेप मारल्यावर आवाज गेला ना, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करून प्यालो. दोन दिवस तसाच ठेवला होता. मग तुमच्याकडे कशाला आलो? ते मलाही नीटसं कळलेलं नाही. पाय आले.

काय केलंत? वेगळी वायर दिलीत स्पीकरला? एवढंच? आणि हे टोपणाएवढं काय लावलं — बरं, वीज साठवतं, घूं गिळतं. आणि भोकं पाच. माझ्या पुठ्ठ्याला भोकं. राहू द्या, दिसायला वाईट नाही, मागे जाळी लावीन मी. लावा सुरू.

...अरे.

अगदी तेच हो. ती सुरुवातीची धून, आचारी धापा टाकतो तो फुस्स आवाज. आमच्या घरच्या टीव्हीतून यायचा तस्साच. द्या इकडे. दोन मिनिटं, गिऱ्हाईक नाहीये तुमच्याकडे आत्ता. बेरीज, बेरीज... वजाबाकी... गेला. तिसऱ्यावर. थांबा, परत. काय? डोळे मिटू? तुम्हीपण तेच म्हणताय?

नाही, तुम्हीपण म्हणजे... ती म्हणायची. टिटवी. मी हरून चिडलो की माझ्या शेजारी बसायची आणि म्हणायची, दादा, वर बघू नको, डोळे मीट आणि ऐक. रोज सांगायची. मला वाटायचं फसवतेय मला, डोळे मिटून कुणी खेळतं का. बरं, मिटतो. तुमच्या समाधानासाठी.

टुंग — हां. टुंग. अहो, कळतंय. बेरीज. टुंग, वजाबाकी... कितवा? तुम्ही मोजा हो, मला बघता येत नाही. सहावा? सहाव्यावर मी आयुष्यात नव्हतो गेलो. सात. आठ. टुंग... नऊ...

पडला.

नऊ, काका. त्या पोरीने जिंकायची युक्ती मला रोज फुकट सांगितली होती. मी ऐकलं असतं तर खिडकी कदाचित सरळ खेळूनच मिळाली असती — नसती मिळाली, ती तेरा चढायची, पण निदान मी नऊवर हरलो असतो, मानाने. आणि मी काय केलं, तिचा कानच काढून घेतला. अकरा वर्षं मोटरीशेजारी झोपवली तिला. अजून ती पहाटे पाचला दचकून उठते, तिचा नवरा सांगतो, आणि आम्ही सगळे हसतो. मीसुद्धा हसतो. मला लाज वाटते हो. म्हणजे आत्ता वाटायला लागली, इतकी वर्षं नुसती भीती वाटायची.

एक काम करा. अर्ध्याचं राहू द्या. हे कडेला चाक आहे ना, आवाज कमी-जास्त करायचं — ते काढून टाका. अगदी काढा, आणि तिथे सरळ वायर जोडून द्या. आवाज पूर्ण, कायम. कमी करायची सोयच नको. हो, कळतंय मला, लोक वैतागतील, पण तुम्ही माझा हात ओळखत नाही. रविवारी सगळ्यांसमोर मी म्हणेन, आणा, जरा बॅटरी बघतो, आणि हा अंगठा आपोआप चाकाकडे जाईल. मी बोलेन भलतंच आणि अंगठा आपलं काम करेल. आणि चाक का नाही, असं टिटवी विचारणारच, तिला सगळं विचारायचं असतं. मग सांगावंच लागेल. केक कापायच्या आधी सांगू का नंतर? आधी सांगितलं तर सुरी तिच्या हातात असेल. नंतर. नाही — आधीच, नंतर मी सांगणार नाही, मी ओळखतो मला.

थांबलात का? नक्की ना म्हणून विचारताय? नका विचारू, तुम्ही आणखी एकदा विचारलंत तर मी म्हणेन थोडंसं ठेवा. काढा ते.

काढलंत? बघू. दाबा बेरीज.

फार मोठा आहे हो आवाज.

नाही, राहू द्या. असू दे. तुम्ही भोकं घासून घ्या, मी आता काही बोलत नाही.